सोमवारची लायसन्स फी

या सगळ्या प्रकाराला जबाबदार शिवलिंगअप्पा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सेलूत कुणालाही विचारा, तो दोष बन्सीधरला देईल, नाहीतर कोर्टाला, नाहीतर सरळ सोमेश्वरला ("कॉलेज सोडून घरी आलेलं पोरगं, त्याचाच पायगुण"). बन्सीधर त्याच्या स्वभावाप्रमाणे वागला. कोर्ट कोर्टासारखं वागलं. घोळ घातला तो अप्पांनी, आणि तोही देवाचं नाव घेऊन, म्हणजे पोरानं तोंड उघडायचीही सोय नाही.

शिवलिंगअप्पा हे सोमेश्वरचे वडील. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला त्यांचा एक गाळा आहे. पूर्वी त्यात अप्पांचं किराणा दुकान होतं. ते उधारीवर चाललं आणि उधारीतच बसलं. मग रिकामा गाळा वालूरच्या बन्सीधरला दिला, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. नोटरी केली, स्टॅम्प लावला, दर महिन्याची लायसन्स फी ठरली. अनामत रक्कम तेवढी घेतली नाही, कारण बन्सीधर पाया पडला. पाया पडणाऱ्या माणसाकडून अनामत कशी मागायची, हा अप्पांचा प्रश्न. (सोमेश्वर आयुष्यात कधी अप्पांच्या पाया पडला नाही. त्याच्याकडून त्यांनी मेसच्या पैशांचाही हिशेब घेतला होता.)

बन्सीधरनं गाळ्यात गाद्या-उशांचं दुकान टाकलं आणि पहिल्या महिन्याची फी स्वतःहून घेऊन घरी आला. हे कबूल केलं पाहिजे. माणूस पाकीट घेऊन दारात उभा होता. अप्पा नुकतेच पूजेवरून उठलेले, कपाळभर भस्म.

"शरणार्थ अप्पा. ह्या महिन्याचे."

"आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग? सोमवारी मी पैशाला हात लावत न्हाई. उद्या आण."

झालं. एवढाच निर्णय. दोन वाक्यांचा. हा नियम घराण्याचा वगैरे नव्हता. किराणा चालू होता तेव्हा अप्पा सोमवारीही थुंकी लावून नोटा मोजत. दुकान बंद पडलं, बाकीच्या वारीही हाताला नोट लागेना, तेव्हा त्यांना हे व्रत सुचलं.

मंगळवारी बन्सीधर आला नाही. बुधवारी आला नाही. पुढच्या सोमवारी सकाळीच हजर.

"घ्या अप्पा."

"अरे बाबा, आज सोमवार!"

"आयला, बघा की! ध्यानातच ऱ्हात न्हाई. येतो मग."

त्यानंतर बन्सीधर एकही सोमवार चुकला नाही. श्रावणात तर येताना बेलाची पानं घेऊन यायचा. पाकीट मात्र तेच. त्याचे कोपरे मळले, वरचा गोंद सुटला, तरी पाकीट तेच. आणि प्रत्येक वेळी चहा, चिवडा, कधी नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला. सोमेश्वरची आई महादेवी एकदा म्हणाली, "ह्या माणसानं फीपेक्षा जास्त पोहे-मुरमुरे खाल्ले असतील."

सोमेश्वर तेव्हा नांदेडहून इंजिनिअरिंग सोडून घरी आला होता. (किती विषय राहिले होते ते विचारू नका, विद्यापीठाला माहीत आहे.) मधल्या काळात परभणीत एका दुकानात बसून तो इन्व्हर्टर-बॅटरीचं काम शिकला, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी नीट यायला लागलं. बॅटरीचा होलसेलवाला त्याच्यावर खूश होता. तो म्हणाला, "सेलूची एजन्सी तुला देतो. फक्त रस्त्यावरचा गाळा दाखव. दसऱ्यापर्यंत थांबतो."

रस्त्यावरचा गाळा तर बापाचाच होता. सोमेश्वरला वाटलं, जमलं.

"अप्पा," तो म्हणाला, "अकरा महिने संपत आले. बन्सीधरकडून थकलेली फी घ्या, गाळा मोकळा करा. मी दुकान टाकतो."

"घेऊ की. आणून देतोच हाय त्यो."

"सोमवारी आणतो! मुद्दाम आणतो!"

"मुद्दाम कशाला आणंल? श्रद्धेचा माणूस हाय. सोमवारीच त्याला आपली आठवण येती, ह्यात वाईट काय?"

"मग त्याला मोबाईलवर टाकायला सांगा. तुमचा हातच लागणार नाही."

"मोबाईल काय पायात धरतेत का?"

आतून महादेवी म्हणाली, "मंगळवारी तुमीच दुकानावर जा अन् मागा."

"मी मागू? आपल्याच गाळ्याच्या दारात हुभं ऱ्हाऊन? लोक काय म्हनतील? शिवलिंगअप्पावर मागायची पाळी आली म्हनतील."

अप्पा दुकानावर जात नव्हते असं नाही. रोज जात. दुपारी बाराला दोन डबे घेऊन जात, एक स्वतःचा, एक बन्सीधरचा. त्याची बायको वालूरला, त्याच्या जेवणाचे हाल होतात म्हणून. दोघं भाकरी खात, मग अप्पा एखादी गादी बघून आडवे होत. महादेवी रोज चार भाकरी जादा थापायची आणि प्रत्येक भाकरीला एकेक शिवी. चार वाजता अप्पा उठून घरी येत आणि सोमेश्वरला सांगत, "लक्ष ठिवून आलो गाळ्यावर."

अकरा महिने संपले. बन्सीधर हलला नाही. फीचं पाकीट दर सोमवारी येऊन जातच होतं. शेवटी सोमेश्वरनं अप्पांना मोटारसायकलवर घातलं आणि राजेश्वर वकिलाकडे नेलं. राजेश्वर वकील म्हणजे महादेवीच्या मावसबहिणीचा दीर. नात्यातला आहे, सांभाळून घेईल, असं अप्पा म्हणाले. त्यानं सांभाळून घेतलं, पण ते पैसे. पावती तेवढी दिली नाही, नात्यात पावती कसली.

"अप्पा, एक गोष्ट ध्यानात ठेवा," राजेश्वर वकील म्हणाला. "कोर्टात 'भाडं' हा शब्द काढायचा नाही. भाडं म्हटलं की तो भाडेकरू होऊन बसतो, मग निघत नाही. लायसन्स फी म्हणायचं."

"लायसन फी."

"पुन्हा म्हणा."

"लायसन फी. अन् सोमवारचं सांगायचं का?"

"कोणत्या सोमवारचं?"

"काही नाही," सोमेश्वर घाईनं म्हणाला. (आयुष्यात एकदाच तो अप्पांच्या आधी बोलला, तेही नेमकं चुकीच्या जागी.)

थकलेली फी वसूल करावी आणि गाळा रिकामा करून द्यावा, असा दावा लागला. कोर्ट फीचा स्टॅम्प सोमेश्वरनं बॅटऱ्या दुरुस्त करून साठवलेल्या पैशातून भरला. आता बन्सीधरला समन्स जाणार, तो घाबरणार आणि दसऱ्याच्या आत काम होणार, असा त्याचा हिशेब.

बेलीफ समन्स घेऊन दुकानात गेला ती वेळ दुपारची. बन्सीधर जेवत होता. शेजारी अप्पा जेवत होते.

"बन्सीधर कोण?"

बन्सीधरचा घास हातातच राहिला. उत्तर अप्पांनी दिलं.

"हेच. काय काम हाय?"

"कोर्टाचा कागद हाय. सही करून घ्यायची."

"जेवत्या मानसाच्या हातात कोर्टाचा कागद देताव का? काही रीत हाय का न्हाई तुमच्यात? हात उष्टा हाय त्याचा."

"काका, मला नोकरी करायची हाय."

"करा की, कोन न्हाई म्हनलं? मानूस पोटभर जेवू द्या. उद्या या. बसा, तुमी बी दोन घास खा. भाकरी हाय."

बेलीफ भाकरी खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा बन्सीधर वालूरला गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा पुन्हा जेवत होता. त्या काळात बन्सीधर इतका जेवला की त्याचं पोट सुटलं. अखेर 'प्रतिवादी मिळून आला नाही' असा शेरा पडून समन्स परत गेलं. राजेश्वर वकिलानं कपाळाला हात लावला.

"अहो अप्पा, तो कागद कुणाच्या फायद्याचा होता?"

"आपल्याच. पन जेवनावरून उठवायचं म्हंजे पाप लागतं, राजेश्वर."

दसरा गेला. बॅटरीवाला म्हणाला, "ठीक आहे, पुढचा दसरा." त्याच्याही घरात म्हातारे असावेत. शेवटी बन्सीधरनं समन्स घेतलं, आणि का घेतलं तर अप्पांनीच त्याला समजावलं म्हणून. "घे बाबा. पोरगं लय चिडचिड करायलंय घरात."

मग तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला सोमेश्वर अप्पांना घेऊन निघाला तर अप्पा म्हणाले, "दुकानावरून घे. बन्सीधर वाट बघायलाय."

"कुणाची?"

"आपली. एकाच ठिकानी जायचं, त्यानं रिक्षाला कामून पैसे घालवायचे?"

"अप्पा, आपण त्याच्यावर केस केलीय!"

"केस कोर्टात. रस्त्यावर काय हाय?"

रस्त्यावर ट्रॅफिक पोलीस होता. पुढं सोमेश्वर, मधे बन्सीधर, मागं धोतर सावरत अप्पा. वादी, प्रतिवादी आणि ड्रायव्हर, तिघं एका मोटारसायकलवर. ट्रिपल सीटचा दंड सोमेश्वरनं भरला. बन्सीधर हळहळला, "पोराला उगंच भुर्दंड." पण खिशाकडे हात गेला नाही. वार मंगळवार होता.

कोर्टात एक तर न्यायाधीश रजेवर, नाहीतर वकील रजेवर, नाहीतर बन्सीधरची कंबर रजेवर. बन्सीधरच्या वकिलानं लेखी उत्तर दिलं. त्याला कोर्टात कैफियत म्हणतात, पण या प्रकरणात कैफियत कुणाची असेल तर ती सोमेश्वरची, आणि त्याला कुणी लिहायला सांगितली नाही. उत्तरात एकच ओळ कामाची होती. प्रतिवादी फी द्यायला सदैव तयार होता, वादीनंच ती नाकारली.

"हे खोटं आहे ना?" राजेश्वर वकिलानं विचारलं.

सोमेश्वर खिडकीबाहेर बघू लागला.

उलटतपासणीच्या दिवशी अप्पांनी नवं धोतर नेसलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि खरं सांगेन म्हणून शपथ घेतली. सोमेश्वर मागच्या बाकावर होता. तिथूनच त्याला कळलं की आता संपलं. म्हातारा शपथ पाळणार.

बन्सीधरचा वकील उठला. "प्रतिवादीनं तुम्हाला फी कधीच देऊ केली नाही, असं तुम्ही दाव्यात म्हणता. खरं आहे?"

"न्हाई. खोटं हाय."

राजेश्वर वकील खोकला. मोठ्यानं खोकला.

"म्हणजे त्यानं आणून दिली?"

"आनून देत व्हता की. दर सोमवारी. मीच घेतली न्हाई."

"दर सोमवारी?"

"एक बी सोमवार चुकला न्हाई. गुणाचा मानूस हाय."

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढून अप्पांकडे बघितलं. "का घेतली नाही?"

"सोमवारी मी पैशाला शिवत न्हाई, मॅडम."

"मग मंगळवारी मागितली?"

"मागनं आमच्यात बरं दिसत न्हाई."

बन्सीधरचा वकील आता गोड हसत होता. "बरं अप्पा, दुपारी तुम्ही कुठं असता?"

"दुकानात."

"कुणाच्या?"

"ह्याच्याच. जेवून जरा टेकतो."

"कशावर टेकता?"

"गादीवर. चार इंची. कमरेला लय बरी पडती."

"म्हणजे गाळा तुम्हीही वापरता, प्रतिवादीचा मालही वापरता. त्याचे पैसे दिले?"

"दिले असते, पन त्यो घेत न्हाई. घरच्यासारखा हाय."

शिपायानं तोंडावर रुमाल धरला. सोमेश्वरला वाटलं, बाकाखाली जागा आहे, पण तिथं आधीच कुणाच्या तरी चपला होत्या. बाहेर आल्यावर अप्पा छाती काढून म्हणाले, "एकबी डाव भाडं म्हनलो न्हाई. बघितलं का?"

मॅडमनी पुढची तारीख दिली. ती कोणत्या वारी येते हे सोमेश्वरनं बघायला हवं होतं. तो त्या वेळी बॅटरीवाल्याचा मेसेज वाचत होता. दुसरा दसरा जवळ आला होता आणि पालमचा एक माणूस एजन्सी मागत होता, त्याच्याकडे गाळा तयार होता, आणि बहुतेक बाप नव्हता.

तारीख सोमवारी आली.

त्या दिवशी बन्सीधर वेगळी रिक्षा करून आला. बरोबर त्याचा मेहुणा होता आणि बगलेत उशीचा अभ्रा, चांगला फुगलेला. पुकारा झाला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही द्यायला सदैव तयार होता म्हणता. मग सगळी थकबाकी आज देता?"

"आत्ता देतो, मॅडम," बन्सीधर म्हणाला आणि अभ्रा टेबलावर ओतला. नोटांची बंडलं. सगळी थकबाकी. सोमेश्वर उभा राहिला. त्याला एका क्षणात दुकानाची पाटीसुद्धा दिसली, निळ्या अक्षरांची.

"घ्या," मॅडम अप्पांना म्हणाल्या.

अप्पांनी हात मागं घेतले. "मॅडम, आज सोमवार."

बन्सीधरनं खाली मान घातली, दुःखानं नव्हे.

"मी घेतो!" सोमेश्वर मागून ओरडला. "मी सोमवार पाळत नाही! मी कोणताच वार पाळत नाही!"

"तुम्ही कोण?"

"मुलगा."

"मुखत्यारपत्र आहे?"

मुखत्यारपत्र नव्हतं. अप्पांनी ते दिलं नव्हतं, कारण पोराच्या हातात कारभार दिला की पोरं बिघडतात.

मॅडम मात्र खमक्या होत्या. "वादी घेत नसतील तर रक्कम कोर्टात जमा करा. आत्ता. कोर्टाच्या रोखपालाकडे, नाझरकडे."

बन्सीधरच्या तोंडाचं पाणी पळालं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मागं त्याचा मेहुणा ताडकन उठला. "दाजी! दुपारला परत करतो म्हनलाव ना? कापसाचे पैसे हायेत माझे! मला सरकीवाल्याला द्यायचेत!"

सगळा डाव कोर्टापुढं उघडा पडला. मॅडमना कळलं, वकिलांना कळलं, शिपायाला कळलं. सोमेश्वर तर हसायलाच लागला. इतक्या तारखांनंतर पहिल्यांदा बन्सीधर पुरता सापडला होता. आता फक्त एका माणसानं गप्प बसायचं होतं.

"थांबा मॅडम," अप्पा म्हणाले.

"अप्पा, बसा," राजेश्वर वकील म्हणाला.

"न्हाई. आज सोमवार हाय. माझ्या नावानं आज कुनाच्या हातातून पैसा काढून घेतला तर त्यो मीच घेतल्यावानी हाय. अन् ते बी मेव्हन्याचे, कापसाचे. माझा इरोध हाय ह्याला."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वसुलीचा दावा तुमचा. आणि वसुलीला विरोधही तुमचाच?"

"आजच्या दिवस."

"बाहेर जा," त्या म्हणाल्या. "दोघंही जा. बसा आणि तडजोड करून या. मी हे आणखी ऐकू शकत नाही."

बाहेर लिंबाखाली बन्सीधरनं अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. मेहुणा अभ्रा घेऊन केव्हाच पळाला होता.

"अप्पा, तुमी देव हाव. हप्त्यानं देतो. पै न् पै. मला गाळ्यात ऱ्हाऊ द्या, पाच वर्षांचा नवा कागद करा. अन् पोराची काळजी सोडा. त्याला माझ्याकडं कामाला लावतो."

"पगार?" अप्पांनी विचारलं.

"महिन्याचा हप्ता जेवढा, तेवढाच पगार."

"आणि हप्ता?" सोमेश्वरनं विचारलं.

"त्योच की. पगार दिला की हप्ता फिटला. एकच पैसा दोनदा कशाला मोजायचा?"

"बघ!" अप्पा म्हणाले. "ह्याला म्हनतेत व्यवहार. सोम्या, शीक कायतरी."

"अप्पा, म्हणजे राबणार मी, आणि देणं फिटणार त्याचं?"

"फिटायलंय ना? मग तुला आजून काय पायजे?"

"गाळा!"

"गाळा कुठं पळून जायलाय का? रोज तिथंच बसशील की दिवसभर."

"राजेश्वरकाका, तुम्ही तरी सांगा!"

राजेश्वर वकील तडजोडीचा कागद लिहीतच होता. "कोर्टात वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये," तो मान वर न करता म्हणाला. "आणि माझी राहिलेली फी कोण देणार?"

अप्पांनी सही केली. बन्सीधरनं सही केली. मॅडमनी वाचलं, सोमेश्वरकडे एकदा बघितलं आणि दावा निकाली काढला. घरी महादेवीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग उद्यापासून डबे तीन का?"

बॅटरीची एजन्सी पालमच्या माणसाला मिळाली. राजेश्वर वकिलाची फी भागवायला मोटारसायकल विकली. गाळा पाच वर्षांसाठी बन्सीधरकडे गेला. सोमेश्वर सकाळी नऊ ते रात्री आठ तिथं उशांत कापूस भरतो, आणि त्याचा पहिला पगार अप्पांनी थकबाकी वसूल झाली म्हणून घेतला.